‘मी’ कोणाचा? : आधुनिक चिनी स्वच्छंदतावादी कवितेतील बंड आणि आत्ममुक्ती

विसाव्या शतकाच्या पहिल्या पर्वातील चिनी कवितेविषयी लिहिताना ‘बंड’ आणि ‘आत्ममुक्ती’ हे शब्द बहुधा जोडीने वापरले जातात. जणू बंड केले की मुक्ती मागोमाग येतेच. हे समीकरण मला मान्य नाही. या कवितेत बंड लवकर आले आणि मोठ्या आवाजात आले. आत्ममुक्ती मात्र अर्ध्या वाटेवर थांबली. ती कोठे थांबली हे पाहिल्याखेरीज या कवितेचे मोल नीट कळत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९०५ मध्ये शतकानुशतके चालत आलेली राजकीय परीक्षापद्धती बंद झाली. १९१२ च्या आरंभी राजसत्ता संपली. १९१७ मध्ये हू शी यांनी बोलभाषेतील साहित्याचा आग्रह धरणारा लेख लिहिला आणि ४ मे १९१९ रोजी व्हर्सायच्या तहातील अन्यायाविरुद्ध पेचिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पण बंडखोर कवीची कल्पना त्याआधीच रुजू लागली होती. लू शुन यांनी १९०७ मध्ये, जपानमध्ये असताना, बायरन, शेली, पुश्किन, पेतोफी अशा कवींवर एक दीर्घ निबंध लिहिला. या कवींना त्यांनी दिलेले नाव आपल्या ओळखीचे आहे : ‘मार’. बुद्धाला मोहात पाडू पाहणारा तोच मार. कवीने समाजाची शांतता भंग करावी, यासाठी लू शुन यांना संस्कृतातून चिनीत गेलेला शब्द सापडावा, ही मौजेची गोष्ट आहे.

या कवितेचा मध्यवर्ती ग्रंथ म्हणजे क्वो मोरुओ यांचा ‘देवता’ हा १९२१ चा संग्रह. सछ्वान प्रांतात १८९२ साली जन्मलेले क्वो जपानमधील फुकुओका येथे वैद्यकाचे विद्यार्थी होते. लहानपणीच्या आजाराने श्रवणशक्ती कमी झाली होती, स्टेथोस्कोपचा उपयोग मर्यादित होता. टागोर त्यांनी वाचले होते. १९१९ मध्ये व्हिटमन हाती आला आणि कवितांचा लोंढा सुरू झाला. त्या शांघायच्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीत छापून येऊ लागल्या.

त्यांतील ‘स्वर्गीय श्वान’ या कवितेपाशी थोडे थांबू. चिनी लोकसमजुतीनुसार ग्रहण लागते ते एक स्वर्गीय कुत्रा चंद्रसूर्याला गिळतो म्हणून. मग लोक थाळ्या-नगारे बडवून त्याला हुसकावतात. आपल्याकडे राहू आहे आणि ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाकही आहे. क्वो यांच्या कवितेतील निवेदक थाळ्या बडवणाऱ्यांमध्ये नाही. तो स्वतःच तो कुत्रा आहे. तो चंद्र गिळतो, सूर्य गिळतो, अवघे विश्व गिळतो, धावतो, ओरडतो, जळतो आणि शेवटी स्वतःलाच खाऊ लागतो. सबंध कवितेतील प्रत्येक ओळ ‘मी’ या शब्दाने सुरू होते.

हे मराठी वाचकाला फार विशेष वाटणार नाही, म्हणून थोडा व्याकरणाचा विचार करू. मराठीत ‘जातो’ म्हटले की कर्ता गाळूनही पुरुष, लिंग, वचन यांचा माग लागतो. चिनी क्रियापदावर असा कोणताच प्रत्यय नसतो. अभिजात चिनी कविता कर्ता वारंवार गाळते, तेव्हा डोंगर कोणी पाहिला, दुःख कोणाला झाले, हे मोकळे राहते. मी, तू, तो, कोणीही. ती कवितेची उणीव नव्हे, सामर्थ्य होते. (अपवाद आहेतच. प्राचीन कवी छू युआन यांच्या काव्यात ‘मी’ ठळक आहे, आणि क्वो यांना ते आयुष्यभर प्रिय होते.) अशा परंपरेत प्रत्येक ओळीच्या तोंडाशी ‘मी’ ठोकून बसवणे म्हणजे नुसता अहंकार नव्हे. तो वाक्यरचनेत केलेला उठाव होता. ज्या समाजात माणूस आधी मुलगा, मग भाऊ, मग प्रजा होता, तेथे व्याकरणानेच त्याला व्यक्ती केले. या संग्रहातील उद्गारचिन्हांचा भडिमार अनेकांना आज सोसवत नाही. मलाही सर्वत्र सोसवत नाही. पण या एका कवितेत तो अपरिहार्य वाटतो.

तथापि या ‘मी’चे पुढे काय होते? तो फुटण्याच्या बेतात येतो आणि कविता संपते. ‘फीनिक्सचे निर्वाण’ या दीर्घकवितेत उत्तराचा एक प्रयत्न आहे. नर-मादी फीनिक्स सुगंधी लाकडांची चिता रचून स्वतःला जाळून घेतात. गरुड, मोर, घुबड, पारवा, पोपट, करकोचा जमून त्यांची टर उडवतात. आणि राखेतून नवा जन्म होतो. पण नव्या जन्माच्या गाण्यात ‘मी’ आणि ‘तू’ एकमेकांत विरघळून जातात. शीर्षकात ‘निर्वाण’ उगाच आलेले नाही. सुटका मिळते ती ‘मी’ला नव्हे, ‘मी’पासून. १९२० चा वाचक यात नवा चीन पाहत होता, आणि ते स्वाभाविक होते. एवढेच की स्वतःला नुकताच सापडलेला माणूस इतक्या लवकर समूहाच्या स्वाधीन झाला.

हे स्वाधीन होणे पुढे उघडच दिसते. ‘लुटारूंचे स्तोत्र’ या कवितेत क्वो यांनी जगातील बंडखोरांना वंदन केले आहे. त्यात बुद्ध आहेत, ब्राह्मणी मताला विरोध करणारे म्हणून. आणि टागोरही आहेत, कवी म्हणून नव्हे, तर निसर्गात शाळा काढणारे शिक्षक म्हणून. मूळ पाठात बर्ट्रांड रसेल आणि गॉल्टन यांचीही नावे होती. १९२८ च्या आवृत्तीत ती गेली आणि त्यांच्या जागी मार्क्स व एंगल्स आले. कवीला आपली कविता बदलण्याचा अधिकार आहे. पण बंडखोरांची यादी अधिकृत विचाराप्रमाणे दुरुस्त होऊ लागली की तिला बंड म्हणावे का, हा प्रश्न उरतो. पुढे क्वो नव्या राजवटीत उच्चपदी गेले. एप्रिल १९६६ मध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या तोंडावर, आजच्या निकषाने आपले पूर्वीचे सारे लेखन जाळून टाकायला हवे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्यांचे दोन पुत्र त्या वावटळीत मृत्यू पावले. भीतीने बोललेल्या माणसाला दूर बसून दोष देणे सोपे आहे. मी तो देत नाही. पण ‘देवता’ वाचताना हे विसरताही येत नाही.

दुसरा प्रश्न घरातला आहे. क्वो यांचे १९१२ साली आईवडिलांनी लग्न लावून दिले. ते लवकरच घर सोडून गेले. पत्नी मात्र सासरीच राहिली. जपानमध्ये त्यांचा सातो तोमिको यांच्याशी संसार झाला. १९३७ मध्ये युद्ध पेटताच त्या आणि पाच मुले यांना मागे ठेवून ते मायदेशी परतले. शू चिमो हे या पिढीतील दुसरे मोठे रोमँटिक कवी, १९२४ च्या चीनभेटीत टागोरांचे दुभाषी. प्रेमासाठी त्यांनी १९२२ मध्ये बर्लिन येथे चांग योई यांच्याशी घटस्फोट घेतला, तो दुसरे अपत्य जन्मल्यानंतर काही आठवड्यांत. दुसऱ्यांच्या दुःखावर स्वतःचे सुख उभारू नये, असे त्यांचे गुरू लिआंग छीछाओ यांनी त्यांना पत्राने बजावले होते. हा केवळ जुन्या पिढीचा उपदेश म्हणून झटकून टाकावा, असे मला वाटत नाही. चांग योई जर्मनीत राहून शिकल्या आणि पुढे शांघायमधील महिला बँकेच्या कारभारात मोठ्या पदावर पोहोचल्या. आत्ममुक्तीच्या कोणत्याही काव्यसंग्रहात त्यांचे नाव नाही. लू शुन यांनी १९२३ च्या व्याख्यानात विचारलेच होते : इब्सेनची नोरा दार आपटून बाहेर पडली, पण नंतर काय? तिच्या बटव्यात पैसे आहेत का?

याच काळात एक कवयित्री वेगळ्या वाटेने जात होती. १९०० साली जन्मलेल्या पिंग शिन यांचे ‘तारे’ आणि ‘वसंतजल’ हे संग्रह १९२३ मध्ये आले. टागोरांच्या ‘स्ट्रे बर्ड्‌स’चा ऋणनिर्देश करणाऱ्या या दोन-चार ओळींच्या कविता. आई, समुद्र, लहान मुले हे त्यांचे विषय. पुढे त्यांनी ‘गीतांजली’ही चिनीत आणली. समीक्षक या कवितांना सौम्य, गोड म्हणून बाजूला ठेवतात. मला त्यांत एक महत्त्वाची गोष्ट दिसते. येथील ‘मी’ काही गिळत नाही, जाळत नाही, आणि तरीही तो कोणाचा मुलगा-मुलगी एवढाच राहत नाही. तो पाहतो आणि स्वतःच्या पाहण्यावर विश्वास ठेवतो. अशा ‘मी’ला समूहात विरघळण्याची घाई नसते.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी एक प्रयोग करून पाहा. ‘स्वर्गीय श्वान’चा आशय मराठीत मांडायचा झाला तर पहिल्याच क्रियापदाशी अडखळायला होते : ‘गिळतो’ की ‘गिळते’? चिनी ‘मी’ला लिंग नाही. मराठीला ते ठरवावेच लागते आणि आपला हात सवयीने ‘गिळतो’कडे वळतो. एकदा ‘मी चंद्र गिळते’ असे लिहून त्याच आवेशात पुढच्या ओळी रचून पाहा. कोणत्या ओळीपाशी आपला आवाज अडतो, हे वहीत टिपून ठेवा.