उंदीर मारावा की वाट बुजवावी?

घरात उंदीर शिरला की तुम्ही काय करता? बहुतेक घरांत सापळा लावतात, त्यात भज्याचा किंवा खोबऱ्याचा तुकडा अडकवतात आणि सकाळी उंदीर सापडला की काम झाले असे समजतात. माझे मत थोडे निराळे आहे. उंदीर मारणे हे अर्धेच काम होय. तो ज्या वाटेने आला ती वाट बुजवणे हे खरे काम. ते एका घराचे नसून साऱ्या इमारतीचे असल्यामुळे त्याला नियमाची जोड हवी, आणि बंदरालगतच्या वस्तीत तर ती हवीच हवी.

बंदरातच का बरे? तेथे धान्य उतरते, गोदामांत साठते. जहाज बांधलेल्या दोरखंडावरून काळा उंदीर डोंबाऱ्याच्या सफाईने चालत जातो. म्हणूनच त्या दोरखंडांत पत्र्याच्या मोठ्या गोल तबकड्या अडकवतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला तो गोदीजवळच्या मांडवी भागात. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तेथे तो ओळखला. रोग पसरतो कसा हे तेव्हा ठाऊक नव्हते. सरकारने गटारांत जंतुनाशके ओतली, घराघरांच्या झडत्या घेतल्या. लोक चिडले, रोग मात्र हटला नाही. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की, प्लेगचे जंतू उंदराच्या अंगावरील पिसवा पसरवतात. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणजे प्लेगच्या साथीत नुसते उंदीर मारत सुटणे धोक्याचेही ठरते!

१९१४ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स बंदरात प्लेग आला, तेव्हा तेथे इमारतींसाठीच नियम केला गेला. तळ काँक्रीटचा करा, नाहीतर इमारत खांबांवर उचलून खालची जागा मोकळी ठेवा. उंदराला लपायला जागाच नको, हा त्यामागचा विचार.

मला हा विचार पटतो. उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा ते बारा पिले देते. अन्न आणि निवारा कायम असेल, तर मारलेल्या उंदरांची जागा उरलेल्यांची पिले लवकरच भरून काढतात. आणि विषारी गोळ्या? त्या खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला, तर आपल्या त्या मित्राच्याच जिवावर बेतते.

कोणी म्हणेल, "जुन्या चाळीत हा खर्च करायचा कोणी?" प्रश्न रास्त आहे. नुसता दंड लावणारा नियम गरीब भाडेकरूच्याच डोक्यावर बसेल. म्हणून कामाची वाटणी हवी. भिंतीतली भोके मालकाने बुजवावीत, गटारे नगरपालिकेने दुरुस्त करावीत, आणि खरकटे झाकून ठेवण्याचे काम आपण सर्वांनी करावे. शिवाय नियमामागचे कारण लोकांना समजावून सांगितले पाहिजे. मांडवीच्या वेळी नेमके तेच घडले नाही.

आज प्लेगवर औषधे आहेत. तरीही उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस आहेच. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा अनुभव घेतला.

आता एक काम करा. हातात शिसपेन्सिल घेऊन आपल्या इमारतीभोवती फिरा. नळ भिंतीत शिरतो ती जागा आणि दाराखालची फट नीट पाहा. ज्या भोकात पेन्सिल जाते, त्यातून घरातली लहान उंदरी आत येऊ शकते. अर्ध्या इंचाच्या भोकातून तर मोठा उंदीरही येतो. अशा जागांची यादी करून मोठ्यांना दाखवा. भोके सिमेंटने किंवा लोखंडी जाळीने बुजवायला सांगा. लाकडाची खुंटी नको. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतच असतात, त्यामुळे लाकूड तो सहज कुरतडतो.