कर्ज फेडले, पण नोंद कुठे आहे?

नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने थकबाकीदारांच्या जमिनींची जप्ती आणि लिलाव यांची मोहीम हाती घेतली, तेव्हा २०२३ साली जिल्ह्यातील शेतकरी आंदोलनात उतरले. जमिनीचा प्रश्न होता, म्हणून निदान त्याची बातमी तरी झाली. परंतु सातपूर-अंबडच्या कारखान्यात राबणारा कामगार, रिक्षासाठी कर्ज काढलेला तरुण, मित्राच्या कर्जाला जामीनदार राहिलेला शिपाई यांच्या दारात न्यायालयाचा बेलीफ येतो, तेव्हा त्याची बातमी होत नाही. वस्तीत बोभाटा होईल म्हणून माणूस तोंड लपवतो, मिळेल तिथून पैसे आणून धनकोच्या हातावर ठेवतो आणि सुटलो असे समजतो. तो सुटलेला असतो काय?

१८७५ साली सुपे येथून पेटलेल्या दंग्यात दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. कागद ज्याच्या हाती तोच मालक, हे त्यांना पुरते कळले होते. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जदाराला पावती आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. कोर्टकचेऱ्यांत अडाणी कुणबी कसा नाडला जातो, हे जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडले. आज सावकाराच्या चोपडीची जागा संगणकाने घेतली. नोंद मात्र अजूनही दुसऱ्याच्याच हातात आहे.

न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यावर वसुलीची दरखास्त १२ वर्षांपर्यंत दाखल करता येते. अशा वेळी पैसे न्यायालयात भरणे सर्वात सुरक्षित. बाहेर दिले तर ती परतफेड न्यायालयात नोंदवावी लागते. नोंद करून देणे हे धनकोचे काम आहे. त्याने टाळले तर ऋणकोने ३० दिवसांच्या आत स्वतः अर्ज केला पाहिजे. कारण न नोंदवलेला पैसा दरखास्त चालवणारे न्यायालय जमेला धरत नाही. तोंडी शब्दावर विसंबणारा माणूस एकच कर्ज दोनदा फेडतो, ते असे.

भीतीचाही बाजार मांडला जातो. 'तुरुंगात टाकू', असे वसुलीवाले दरडावतात. परंतु पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. ऐपत असून मुद्दाम न देणारा वेगळा. केवळ गरिबीमुळे फेडू न शकणाऱ्याला तुरुंगात डांबणे घटनेच्या २१ व्या कलमात बसत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात दिला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे १९ हजार पगारातून ६ हजारांपेक्षा जास्त कापता येत नाही.

आता सिबिलचा प्रश्न. कर्ज पूर्ण फेडले की खाते 'बंद' दिसते. सूट घेऊन तडजोड केली की 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तोच आडवा येतो. याच रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये मुद्दाम कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली. बड्यांना तडजोड ही सुटकेची वाट आणि गरिबाला तो कपाळावरचा डाग, हा कुठला न्याय?

म्हणून जमत असेल तर पूर्ण फेड करा. तडजोड करायचीच असेल तर अटी लेखी घ्या. बेबाकी दाखला घेतल्याशिवाय बँकेची पायरी उतरू नका. घराची कागदपत्रे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाईचा नियम आहे. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.

वकील कुठून आणायचा, असे कोणी विचारील. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. ही खैरात नव्हे, हक्क आहे.

आमच्या वस्त्यावस्त्यांत मंडळे आहेत, विहारे आहेत, शिकलेली पोरे आहेत. महिन्यातला एक रविवार त्यांनी नोटिसा वाचून देण्यासाठी, पावत्या तपासण्यासाठी आणि अर्ज लिहून देण्यासाठी राखून ठेवावा. कर्ज काढताना सही आपली घेतात, तर कर्ज फिटल्यावर सही त्यांची घेतलीच पाहिजे.