फोटोग्राफीच्या धंद्यांतील नवशिका

दहावी-बारावी उतरलेल्या मुलांचे पालक अलीकडे आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारूं लागले आहेत: मुलास फोटोग्राफी करावयाची आहे, तर कॅमेरा घेऊन द्यावा कीं नाहीं? कांहीं पालक हप्त्यांनीं कर्ज काढण्याच्या तयारीनेंच येतात. कांहींना हा धंदा म्हणजे निव्वळ उनाडपणा वाटतो. आमच्या मतें दोघांचेंही लक्ष कॅमेऱ्याकडे असतें, धंद्याकडे कोणाचेंच नसतें.

ही समजूत जुनी आहे. इ. स. १८८८ मध्यें ईस्टमन यांनीं कोडॅक कॅमेरा विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे परत पाठवावयाचा आणि चित्रें तयार होऊन यावयाचीं. आतां तर प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. तेव्हां कळ दाबण्याबद्दल कोणी पैसे कां द्यावे? मंडपांत दिवे मंद आहेत, शालूवर जर चमकते आहे, वराच्या मागें दार उघडें आहे, आणि अक्षता पडण्याचा क्षण पुन्हां यावयाचा नाहीं; अशा वेळींही चित्र हटकून साधेल, या खात्रीबद्दल लोक पैसे देतात.

ती खात्री येण्यास प्रकाश शिकावा लागतो, आणि त्यासाठीं उसना घेतलेला जुना कॅमेराही पुरे आहे. एका लहान दिव्यापासून चार फुटांवर बसलेल्या माणसास आठ फुटांवर नेलें, तर त्याच्यावर पडणारा प्रकाश अर्धा नव्हे, चौथाई होतो. हा नियम आमचे विद्यार्थी पदार्थविज्ञानांत पाठ करितात. घरीं दिवा लावून तो पाहणारा विरळा. भिंगाचें छिद्र ८ या आंकड्यावरून ५.६ वर आणिलें, तर प्रकाश दुप्पट येतो. परंतु स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होऊन मागच्या रांगेंतील मामा-मावश्या धूसर होतात. (आणि पहिली तक्रार त्यांचीच येते!) असे शंभर प्रयोग करून प्रत्येकाची नोंद वहींत ठेवावी. मग एखाद्या जाणत्या फोटोग्राफराबरोबर लग्नसराईचा एक हंगाम तरी दिवे धरावे, तारा गुंडाळाव्या, आणि रुसलेल्या पाहुण्यांस तो कसा हंसवितो हें पाहावें.

ज्यांना हा धंदा हलका वाटतो त्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत १८५५ मध्येंच फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता. राजा दीनदयाळ रुडकीच्या थॉमसन कॉलेजांत शिकले, इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नोकरीस लागले, आणि ती नोकरी करीत असतांच त्यांनीं ही कला हस्तगत केली. मुंबईंतील त्यांचा स्टुडिओ १८९६ मधला. पोटाची सोय हातची न सोडतां शिकण्याचा हा मार्ग आम्हांस कर्जापेक्षां शहाणपणाचा वाटतो. मुलींच्या पालकांनीं होमाई व्यारावाला यांचें नांव ध्यानांत ठेवावें. त्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, आरंभीं वर्तमानपत्राकडून त्यांना एका फोटोस एक रुपया मिळे, आणि कांहीं चित्रें तर पतीच्या नांवानें छापलीं जात.

आतां हिशेब. बहुतेक नवशिके बुडतात ते येथेंच. समजा, कॅमेरा व भिंग मिळून १,२०,००० रुपये पडले आणि तें सामान पांच वर्षें टिकलें, तर वर्षाचा घसारा २४,००० झाला. वर्षांत चाळीस कामें मिळालीं, तर प्रत्येक कामावर ६०० रुपये बसले. शेजारच्या दुकानदारापेक्षां स्वस्त म्हणून मुलानें एक लग्न ३,००० रुपयांस घेतलें. घसाऱ्याचे ६०० आणि प्रवास व मदतनीस यांचे ८०० वजा जातां उरले १,६००. लग्न एक दिवसाचें. परंतु चित्रें निवडणें व दुरुस्त करणें यांत आणखी तीन दिवस गेले. म्हणजे रोजचे ४०० रुपये, आणि त्यांतून कर्जाचा हप्ता अजून जावयाचाच आहे! पालकांनीं मुलास कॅमेऱ्याच्या दुकानांत नेण्यापूर्वीं हा हिशेब त्याच्याकडून कागदावर मांडून घ्यावा. त्यास तो मांडतां येत नसेल, तर दुकान वर्षभर कोठें पळून जात नाहीं. हात बसविण्यासाठीं फुकट काम करावयाचें तर शाळेच्या स्नेहसंमेलनांत करावें. गिऱ्हाइकाकडे नको, कारण तेथें फुकटाची किंमत एकदां ठरली कीं ती वाढवितां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट मुलांना कोणी सांगत नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराकडे जातो. तेव्हां आपलीं चित्रें पुढें नमुना म्हणून दाखवावयाचीं असतील, तर तसें लिहून घ्यावें लागतें. किती चित्रें, किती दिवसांत, विसार किती व उरलेली रक्कम केव्हां, हेंही त्याच कागदावर असावें. तो कागद विसाराच्या दिवशींच पुरा करावा. वरात निघाल्यावर सही करावयास कोणास सवड नसते.