तहाचा डाव

‘सिव्हिलायझेशन ६’ या आळीपाळीने चाली खेळायच्या संगणकीय खेळात कोणी युद्ध टाळून मुत्सद्देगिरीने जिंकण्याचा बेत आखला, की त्यास भित्रा म्हणून हिणवले जाते. ही हेटाळणी आम्हांस मान्य नाही. तिचे मूळ खेळात नसून आपल्या वाचनात आहे. इतिहास आपण पोवाड्यासारखा वाचतो. तहाची कलमे आली की पान उलटतो.

पनवेल तालुक्यातले कर्नाळा आणि प्रबळगड हे १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी. शिवाजी महाराजांनी १२ किल्ले राखले आणि १६७०मध्ये कर्नाळा परत घेतला. काय सोडायचे हे ठरवणे, हीही चालच होती.

खेळाचा खरा दोष निराळा आहे. २०१९च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या विस्तारात राजनैतिक विजय म्हणजे गुणांची बेरीज. साठवलेली मर्जी खर्चून मते मिळवायची. तिथे गमावण्याची कळ फारशी जाणवत नाही. म्हणून बेत आखणाऱ्याने आधी काय गमावणे परवडेल, याची यादी करावी. आणि साहित्याच्या अध्यापकांनी तहनामा हेही वाचण्याजोगे गद्य मानावे. पराक्रमाची भाषा आपण शिकवतोच; माघारीची कोण शिकवणार?