पदक घेताना देणाऱ्याचा हात बघा

"पुरस्कार कर्तृत्वाला असतो, देणाऱ्याकडे कशाला बघायचं?" न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या पंगतीत हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हे साफ खोटं आहे. अमेरिकेच्या घटनाकारांना 1787 मध्येच हा धोका कळला होता. सरकारी पदावरच्या माणसाने काँग्रेसच्या संमतीशिवाय परकी राजाकडून भेट वा किताब घ्यायचा नाही, असं कलम त्यांनी घातलं.

आइनस्टाइनचंच उदाहरण घ्या. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 1740 मध्ये 'पूर ल मेरीत' हा सन्मान सुरू केला. विद्या आणि कलांसाठी त्याची वेगळी शाखा निघाली 1842 मध्ये. 1918 मध्ये कैसरची गादी गेली, तिच्याबरोबर लष्करी शाखाही संपली. विद्वानांची तेवढी तगली. 1923 मध्ये तिथे आइनस्टाइनची निवड झाली. ज्या वर्षी हिटलर सत्तेवर आला, त्याच वर्षी आइनस्टाइनने या सन्मानावर पाणी सोडलं. 1951 मध्ये पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी परत येण्याची विनंती केली. हॉइस नाझी नव्हते, सन्मानही जुनाच, प्रतिष्ठेचा. तरी आइनस्टाइनने प्रिन्स्टनहून नकार कळवला: ज्यू लोकांची कत्तल झाल्यानंतर जर्मनीच्या कुठल्याही सरकारी संस्थेशी त्याला नातं नको होतं.

आणि दुसरीकडे हेन्री फोर्ड! 30 जुलै 1938, पंचाहत्तरावा वाढदिवस. हिटलरने 1937 मध्ये काढलेला 'जर्मन ईगल' हा सन्मान जर्मन वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या छातीवर लावला. त्याचा फोटो आहे. पांढरा क्रूस, त्याच्या भुजांमध्ये गरुड आणि स्वस्तिकं. ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं साप्ताहिक स्वतःच्या पैशाने चालवलेल्या माणसाला ते शोभलंही. ऑक्टोबरात बर्लिनमध्ये नाझी मंत्री गोअरिंगने वैमानिक लिंडबर्गलाही तेच पदक दिलं. तीनच आठवड्यांनी जर्मनीभर सिनेगॉग जळाले. डिसेंबरात अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरल्ड इकिस यांनी जाहीर भाषणात दोघांचे वाभाडे काढले. लिंडबर्गने पदक ठेवूनच घेतलं.

"तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं?" असं विचारणाऱ्यांची मला चीड येते. ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे 1935 मध्येच झाले होते, जगजाहीर होते. आयबीएमच्या थॉमस वॉटसननेही 1937 मध्ये ते पदक घेतलं होतं. 1940 च्या जूनमध्ये, फ्रान्स पडत असताना, त्याने ते परत धाडलं. उशीर झाला, फार झाला. पण वॉटसनला जे 1940 मध्ये जमलं, ते फोर्डला 1947 मध्ये मरेपर्यंत जमलं नाही.