घास आणि घर

ज्या घरांतून अद्याप वैश्वदेव होतो तेथे बाहेर काढलेल्या बलींत श्वानाचाही वाटा असतो, आणि त्या वेळी यमाच्या श्याम व शबल या दोन कुत्र्यांचे स्मरण होते, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. दत्तमूर्तीच्या पायांशी चार कुत्री असतात; त्यांस आपण चार वेद मानतो. धर्मराज तर सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गाच्या रथात पाऊल ठेवावयास तयार झाला नाही. एवढी परंपरा पाठीशी असूनही आपल्या सुशिक्षित घरांत कुत्र्यास जो घास मिळतो तो बहुधा उंबरठ्याबाहेरच. त्या घासापासून घरापर्यंतची वाट किती लांब आहे, याचा मला जो अनुभव आला तो आज सांगावयाचा आहे. आणि त्यात माझी एक चूक आहे, तीही लपवावयाची नाही.

आमचे नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले. बोरी नदीवरील बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतील, १६१३ सालची कामगिरी. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागले म्हणजे पाहुण्यांच्या गाड्यांची रीघ लागते. जेथे पाहुणे तेथे उष्टे, आणि जेथे उष्टे तेथे कुत्री. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात अशीच एक तांबूस कुत्री आमच्या पायरीशी येऊन बसली. कानांत गोचिडी गच्च भरलेल्या, हिरड्या पांढऱ्या फटक, अंगावर खरजेचे चट्टे. मुलांनी जवळ जाऊन पोळी ठेवली तर तिने शेपटी हलवून आधी मुलांकडे पाहिले आणि मग पोळीला तोंड लावले. मुलांनी तिचे नाव मैना ठेवले.

घरात ठेवावी, असे प्रथम मनात आले. परंतु माझ्या धाकट्या दिरांस दम्याचा विकार आहे, आणि केसाळ प्राणी जवळ आला की त्यांस धाप लागते. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, एका जिवासाठी दुसऱ्याचा श्वास कोंडता येणार नाही. पण तिला तशीच मरू देऊ नका." तेव्हा तिला सोलापुरातील एका निवारागृहात नेले. रक्त तपासून पशुवैद्यांनी गोचिडताप सांगितला. गोचीड चावल्याने हे जंतू रक्तात शिरतात, रक्त गोठविणाऱ्या पेशी घटतात, अशक्तता येते, कधी नाकावाटे रक्तही वाहते. महिनाभर नित्य औषध द्यावे लागते, आणि दुखणे जुने असेल तर बरे वाटल्यावरही ते उलटू शकते. कुत्र्यापासून माणसास हा ताप थेट लागत नाही. वैर गोचिडींशी धरावयाचे असते.

निवारागृहातील लोक मनापासून राबत होते. तरी पाचपंचवीस कुत्र्यांच्या एका आवारात गरीब स्वभावाच्या प्राण्याची दशा काय होते, ते मी तेथे पाहिले. दांडगी कुत्री ताटलीपाशी आधी पोचत आणि मैना भिंतीशी सरकून उभी राही. निवारा म्हणजे धर्मशाळा. तेथे रात्र निघते, आयुष्य निघत नाही. पशूंसाठी असे आश्रय काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला तेव्हा पारशी लोकांनी दंगल केली, आणि त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने तेथील पांजरपोळ स्थापन झाला. पुढे परळास बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे पशुचिकित्सालय उभे राहिले. ही कामे थोर होत. तथापि पांजरपोळातील जागा आणि एखाद्या ओसरीवरील जागा या एक नव्हेत.

म्हणून घर शोधू लागले. नात्यातील एका कुटुंबास कुत्रे हवे होते. त्यांना मी मैनेचा गोड स्वभाव रसभरित वर्णन करून सांगितला. खरूज बरी झाली हेही सांगितले. मात्र ताप उलटण्याचा संभव आहे ही गोष्ट गिळून टाकली. एकदा लळा लागला म्हणजे सारे निभेल, असा माझा हिशेब. अठराव्या दिवशी मैनेच्या नाकातून रक्त आले. घरात लहान मुले. ती घाबरली, मोठी त्यांहून घाबरली, आणि दुसऱ्या सकाळी मैना पुन्हा निवारागृहात पोचली. मला त्यांचा राग आला होता. मामंजींनी सर्व ऐकून घेतले व इतकेच विचारले, "स्थळ दाखविताना मुलीचे दुखणे लपविले तर आपण त्याला काय म्हणतो?" मजपाशी उत्तर नव्हते. त्या घराने मैनेस टाकले हे खरे. परंतु ज्या मैनेस त्यांनी पत्करले होते ती मी रचलेली मैना होती. माझ्या लबाडीची शिक्षा भोगली ती त्या मुक्या जिवाने. परतल्यावर चार दिवस तिने अन्नास तोंड लावले नाही.

दुसऱ्या खेपेस मी एक कागद केला. त्यावर आजाराचे नाव, चाललेली औषधे, दर तीन महिन्यांनी करावयाची रक्ततपासणी, येणारा खर्च, आणि पूर्ण बरी होईल अशी हमी वैद्य देत नाहीत हे वाक्य, सारे लिहिले. शेवटी लिहिले की, न जमल्यास कुत्रीस रस्त्यावर न सोडता मला कळवावे, मी येऊन घेऊन जाईन. हा कागद वाचून तीन घरांनी नकार दिला. ते नकार मला त्या पहिल्या होकारापेक्षा प्रामाणिक वाटले.

चौथे घर अणदूरचे. आमच्या खंडोबाची मूर्ती वर्षातील काही काळ नळदुर्गास आणि उरलेला काळ अणदुरास असते, आणि ती हलविताना दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो, हे या भागात सर्वांस परिचित आहे. त्या अणदुरात एक निवृत्त मास्तर व त्यांच्या पत्नी दोघेच राहतात. मास्तरांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि विचारले, "किती दिवस जगेल?" मी म्हटले, "सांगता येत नाही." ते हसून म्हणाले, "मग आमचे नि तिचे जमेल." त्यांच्या पत्नींचा प्रश्न निराळा होता. "आमचे सोवळे आहे. देवघरात आणि स्वयंपाकघरात ती येणार नाही ना?" मी स्पष्ट सांगितले की शिकविले तर येणार नाही, पण पहिले काही दिवस चुका होतील. "चुका आमच्या नातवंडांनीही केल्या," असे म्हणून त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात जुनी सतरंजी घातली. पंधरा दिवस पाहून मग कायमचे ठरवावे, असा करार झाला. देवाचे स्थलांतर जेथे कागदावाचून होत नाही, तेथे देवाच्या कुत्र्याचे का व्हावे? खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. पौष पौर्णिमेची यात्रा आटोपली आणि त्यानंतर मैनाही अणदुरास गेली.

हल्ली भटक्या कुत्र्यांविषयी फार कडवट वाद चालतात. कुत्रे चावण्याची भीती खोटी नव्हे. रेबीज उद्भवला की बहुधा मृत्यूच. म्हणून चावा वा ओरखडा लागताच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावयाचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत डांबण्याचा ११ तारखेचा आदेश २२ तारखेस सौम्य केला. त्यात कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यास मुभा दिली, परंतु ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारीही त्याच्यावर टाकली. कायदा एवढेच करू शकतो. ओसरीवरची सतरंजी न्यायालय घालू शकत नाही.

आपल्या एकत्र कुटुंबांस माझी विनंती एवढीच की, असा प्राणी आणण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसावे. औषध कोण देणार, सुटीत घर बंद झाले तर तो कोठे राहणार, कोणास दमा वा भीती आहे काय, हे आधी बोलावे. वडील माणसांचा होकार केवळ मौनावरून धरू नये. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट ही कुत्र्यास विषासमान आहेत, हे मुलांस शिकवावे. वार्षिक लस चुकवू नये. आणि आपणास जमत नसेल तर नाही म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

मैना पूर्ण बरी झालेली नाही. मध्ये एकदा ताप उलटला; मास्तरांनी कागद काढला, त्यावर लिहिल्याप्रमाणे वैद्यांस गाठले, आणि मला निरोप नंतर आला. मागल्या महिन्यात मी गेले तेव्हा बाई पूजा आटोपून बाहेर येत होत्या. देवघराच्या उंबऱ्यापासून बरोबर एक हात अलीकडे मैना बसली होती. बाई म्हणाल्या, "रोज येथेच बसते. मी सांगितले नव्हते हो!"