तांब्याचा घाम आणि माठाचा पाझर

ज्येष्ठ सरत आला व हवा दमट झाली, म्हणजे स्वयंपाकघरांत एक लहानसा चमत्कार नित्य दिसूं लागतो. फ्रिजमधील पाण्यानें भरलेला तांब्या बाहेर ठेवावा, तों पांच-दहा मिनिटांत त्याच्या अंगावर थेंब जमतात व खालीं ओलें वर्तुळ उमटतें. शेजारचा मातीचा माठहि बाहेरून ओलाच असतो. मग कोणी म्हणतें, तांब्या गळका आहे. कोणी म्हणतें, सुनेनें भांडें नीट पुसलें नाहीं. वस्तुतः या दोन ओलाव्यांचीं कारणें परस्परविरुद्ध आहेत, आणि तीं ध्यानांत आल्यावांचून पावसाळ्यांत धान्याची कोठीहि नीट राखतां येत नाहीं. म्हणून आज त्यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘ओलावा दिसतो, त्या अर्थी भांडें पाझरतें’ हें अनुमान सदोष आहे. नैयायिकांच्या भाषेंत येथील हेतु सव्यभिचार होय. कारण पाझर असतां ओलावा दिसतो, तसाच पाझर नसतांहि दिसतो. अशा वेळीं अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय करावा. त्याच तांब्यांत खोलींतील हवेइतकें उष्ण पाणी भरा. थेंब येत नाहींत. उलट, फ्रिजमध्यें थंड केलेला रिकामा तांब्या बाहेर काढा. आंत पाणी नसतांहि त्याचें अंग धुरकट होतें. तेव्हां कारण थंडपणा, आंतील पाणी नव्हे. तिसरा पुरावा वजनाचा. थंड पाण्याचें झांकलेलें फुलपात्र दमट दिवशीं ग्रॅम दाखविणाऱ्या कांट्यावर ठेवा; त्याचें वजन वाढत जाईल. गळणारें भांडें जड होईल काय? तेथेंच मातीचें लहान मडकें झांकून ठेवा. तें मात्र हळूहळू हलकें होत जाईल.

याचें इंगित असें. हवेंत पाण्याची अदृश्य वाफ असते. एका घनमीटर जागेंत ३० अंश सेल्सियसला सुमारें ३० ग्रॅम वाफ राहूं शकते, २० अंशांस सुमारें १७, आणि १० अंशांस अवघी ९ ग्रॅम. थंड तांब्यास लागून असलेल्या हवेचा पातळ थर निवतो व अधिक वाफेचें तेथेंच पाणी होतें. ज्या उष्णतामानास हें घडूं लागतें, त्यास दंवबिंदु म्हणतात. मुंबईस पावसाळ्यांत हवा ३० अंश व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दंवबिंदु सुमारें २६ अंश येतो. म्हणजे २४ अंशांचें पाणीहि तांब्यास घाम आणील. पुण्यास वैशाखांतील दुपारीं ३८ अंश व २० टक्के असतां तो ११ अंशांच्या आसपास उतरतो; तेथें १५ अंशांच्या पाण्यानेंहि तांब्या कोरडाच राहील.

माठाची रीत उलट आहे. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी खरोखरच बाहेर येतें, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेबरोबर उष्णता जाऊन आंतील पाणी निवतें. हवा दमट होईल तसें बाष्पीभवन मंदावतें. म्हणून माठ स्वतःच्या बळावर दंवबिंदूच्या खालीं कधींच जात नाहीं. जी कोरडी हवा माठास गार ठेवते, तीच तांब्यास कोरडा ठेवते.

तांब्याचा हा घाम मोजूनहि घेतां येतो. सतराव्या शतकांत टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनंड यानें एका पात्रांत बर्फ भरून बाहेरून ठिबकणारें पाणी मोजण्याचें यंत्र केलें. जितकें पाणी अधिक, तितकी हवा दमट.

आतां व्यवहाराकडे वळूं. पावसाच्या आरंभीं तळघराची किंवा कोठीची फरशी अजून थंड असते. ती ओली दिसतांच ‘वारा लागूं द्या’ म्हणून दारें उघडीं टाकतात. त्यानें बाहेरची दमट ऊब आंत येते, फरशी अधिकच घामेजते आणि पोत्यांच्या तळाशीं बुरशी धरते. अशा दिवशीं दार बंद ठेवावें व कोरडी हवा असेल तेव्हां उघडावें. धान्य फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावें. फ्रिजमध्यें ठेवलेला रव्याचा वा मसाल्याचा डबा बाहेर काढतांच उघडूं नये. तो खोलीइतका उष्ण होईतों बंद असला, तर पाणी बाहेरच्या बाजूस बसेल व फडक्यानें टिपतां येईल. लगेच उघडल्यास तेंच पाणी रव्यांत उतरेल.

वजनाचा प्रयोग घरांतील मुलांकडून अवश्य करवावा आणि आंकडे त्यांच्याच हातीं वहींत लिहवावे. सुनेला बोल लावण्यापूर्वीं वडील मंडळींनींहि ती वही एकवार पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.